हातातले सामान

शुद्ध षष्ठी, सोमवार

आज स्नानोत्तर पारायणास आरंभ केला. संकल्प चिरंजीवाच्या आरोग्याचा. पोटाची शस्त्रक्रिया होऊन पंधरवडा लोटला तरी त्याच्या अंगी बळ येत नाही, असे सूनबाई कळवते. तो राहतो ते शहर दूर. विमानाने गेलो तरी अर्धा दिवस जातो. येथून मी दुसरे काय करणार? वाचन करू शकतो, ते करतो.

सात दिवसांचे पारायण. रोज नेमलेला भाग सूर्यास्तापूर्वी पुरा व्हावा, तोही याच पोथीवरून, अक्षरावर बोट ठेवून. ग्रंथ मला मुखोद्गत आहे, परंतु गुरुजी सांगत, "पाठ आहे म्हणून जो बोट ठेवीत नाही, तो ग्रंथ वाचत नाही, स्वतःचा आवाज ऐकतो." मध्ये एक दिवस जरी चुकला तरी सूत्र तुटते आणि संकल्प निष्फळ होतो.

दुसरा नेम वाणीचा. पारायण चालू असता घरात अशुभ शब्दाचा उच्चार नको, हे सौ.ला बजावले.

ती म्हणाली, "आणि खरं असेल तर?"

मी म्हटले, "खरे असेल तर ते सात दिवस थांबेल."

समईची वात सारखी करून ती आत गेली. वाचन उत्तम झाले. आवाज अजून खणखणीत आहे, ही परमेश्वराची कृपा.

एक शंका मात्र मनात राहिली, ती येथे लिहून ठेवतो. आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले की फळाची आस धरून केलेले वाचन हे देवाशी केलेली घासाघीस होय. आज मी स्वतःच तागडी घेऊन बसलो आहे. पण बाप झालेल्या माणसाने हा दोष पत्करावा, असे वाटते.

शुद्ध सप्तमी, मंगळवार

दुपारी सूनबाईचा फोन. गुरुवारची दोन तिकिटे तिने परस्पर काढली आहेत.

"अण्णा, नीट ऐका. फक्त हातातली बॅग आणायची. विमानाच्या पोटात टाकायचं सामान आणूच नका. उतरलात की थेट बाहेर या, माझा दादा गाडी घेऊन दारातच उभा असेल."

"अगं, पट्ट्यावरून बॅग उचलायला कितीसा वेळ लागतो? एवढी कसली घाई?"

"अण्णा, डॉक्टर म्हणाले की—"

मी तिला तेथेच थांबवले. पारायण चालू आहे, जे काही कमीअधिक असेल ते सांगता झाल्यावर सांग, तोवर चांगले तेवढेच बोल, असे समजावले. मग ती म्हणाली, "आईंना द्या फोन."

सौ.ने फोन मागच्या गॅलरीत नेला आणि दार लोटून घेतले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेले दिसले.

"काय म्हणत होती?"

"काही नाही. शाल आणा म्हणाली. गारठा आहे तिकडे."

सूनबाईचा हिशेबीपणा मला जुना ठाऊक आहे. पोटातल्या सामानाला विमानकंपन्या हल्ली वेगळे पैसे घेतात म्हणे. त्याचीच ही सारी घाई. असो. मुलगी गुणी आहे.

आता प्रश्न बॅगेचा. चिरंजीवाने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली छोटी चाकांची बॅग आहे, ती नियमात अचूक बसते. पण पोथी तिच्यात बसत नाही. माझी पोथी सुट्या पानांची, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली, हातभर लांब. ती तिरकी ठेवली तर पानांचे कोपरे दुमडतील. मोठ्या बॅगेत ती सुखाने बसते. सूनबाईने सांगितलेली मापे घेऊन, सौ.च्या शिवणाच्या फितीने मी मोठी बॅग मोजली. चाके आणि मूठ वगळता ती बरोबर नियमात येते.

"चाकं वगळून कशी चालतील?" सौ.

"चाके म्हणजे बॅग नव्हे. चाके ही बॅगेची उपाधी. वस्तू मोजावी, उपाधी मोजू नये."

"विमानवाल्यांना उपाधी कळते का ते बघा म्हणजे झालं." एवढे बोलून ती अनेक दिवसांनी किंचित हसली. आजचा भाग सूर्यास्तापूर्वीच पुरा झाला.

शुद्ध अष्टमी, बुधवार

सौ.चे आज काही लक्षण ठीक नाही. सकाळी वाचन आटोपून उठतो तोच तिने विचारले, "सात दिवसांचं पारायण तीन दिवसांतसुद्धा करता येतं ना हो?"

मी तिला समजावले की ग्रंथाला घाई कळत नाही. औषधाच्या सात मात्रा एकदम घेतल्या तर रोगी सातपट लवकर बरा होत नाही. तसे असते तर लोकांनी एका बैठकीत मोक्ष उरकला असता.

"मी मोक्षाचं विचारत नव्हते," ती म्हणाली.

दूधवाल्याला तिने दूध बंद करायला सांगितले. "किती दिवस बाई?" असे त्याने विचारले, तर म्हणाली, "मी कळवीन तेव्हा चालू कर." गॅलरीतल्या कुंड्या शेजारणीकडे पोचवल्या, तेही सांभाळायला नव्हे, देऊन टाकल्यासारख्या. परतीच्या तिकिटाचे विचारले तर "नंतर बघू" एवढेच उत्तर. माझा तर्क असा की हिला आता मुलाजवळच कायमचे राहायचे आहे आणि तसे बोलून दाखवायचा धीर होत नाही. आईचे मन, मी रागावणार नाही. चिरंजीव हिंडूफिरू लागला की मात्र परतू, असे तिला गोडीने सांगेन.

सायंकाळी शेजारीण निरोप द्यायला आली. दाराशी दोघी हात हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. मी दिसताच शेजारीण मोठ्याने म्हणाली, "खिडकीची जागा मागून घ्या बरं का काका!" पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला सांगावे तसे. आम्ही तीनदा जाऊन आलो आहोत.

बॅग भरताना सौ.ने छापील प्रत पुढे केली. तळहाताएवढी आहे, कोणीतरी भेट दिलेली. "ही घ्या ना. कोटाच्या खिशात मावेल."

"पारायण ज्या पोथीवर आरंभले त्याच पोथीवर पुरे करायचे. अर्ध्या वाटेत नावाडी बदलत नाहीत."

"नाव पोचली म्हणजे झालं ना?"

सौ. तर्कशास्त्र शिकली नाही, हे माझे भाग्यच म्हणायचे. पोथी तिच्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत मधोमध ठेवली. खाली माझे कपडे, वर तिची शाल.

शुद्ध नवमी, गुरुवार. विमानात.

मन क्षुब्ध आहे. लिहिले म्हणजे शांत होईल.

विमानतळावर तिकिटे दाखवायच्या खिडकीशी बॅगेबद्दल कोणी काही बोलले नाही. तपासणीतही पोथी निर्विघ्न पार पडली. विमानाच्या दारापाशी रांग लागली तेव्हा मात्र गणवेशातील एक तरुणी पुढे आली. तिच्यापाशी एक लोखंडी चौकट होती. बॅग त्या चौकटीत उतरली तर ती विमानात, नाहीतर विमानाच्या पोटात.

माझी बॅग अर्धी उतरली आणि चाकांवर अडली.

मी तिला उपाधीचा विचार सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. मुलगी सुस्वभावी होती. म्हणाली, "काका, चाकंसुद्धा विमानातच येणार ना?"

मागे कोणीतरी हसले.

"आज विमान भरलंय. वरच्या कप्प्यांत जागाच नाही. बॅग इथे द्या, मी चिठ्ठी लावते, उतरल्यावर मिळेल. लागणारं तेवढं काढून घ्या."

सौ. खाली वाकून चेन उघडू लागली. "पोथी काढून घ्या हो, हातात धरू. मी धरते."

मी त्या मुलीला विचारले, "पोथी मांडीवर धरून बसलो तर चालेल?"

"विमान उडताना आणि उतरताना नाही चालणार, काका. एवढी लांब वस्तू वर मावली नाही तर समोरच्या सीटखाली ठेवावी लागेल."

"सीटखाली म्हणजे पायांपाशी?"

"हो. पायांपाशीच."

यापुढे विचार करण्यासारखे काही उरले नाही. ज्या ग्रंथाला मी हात धुतल्याशिवाय शिवलो नाही, तो दोन पायांच्या मध्ये, जोड्यांशेजारी ठेवून मी प्रवास करू? त्यापेक्षा बंद बॅगेत, स्वच्छ वस्त्रात, कोणाच्याही पायाचा स्पर्श न होता तो गेलेला बरा. मी चेन लावली.

"अहो, द्या माझ्याकडे. मी पाय वर घेऊन बसेन," सौ. म्हणाली. एवढ्या माणसांत तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आजोबा, ठरवा काय ते," मागचा गृहस्थ म्हणाला. "आम्हालाही आजच पोचायचंय."

त्या मुलीने मुठीला कागदी चिठ्ठी गुंडाळली, अर्धा तुकडा माझ्या हातात दिला, आणि एका माणसाने माझी बॅग उचलून उतरणीच्या वाटेने खाली नेली. नेताना आडवी धरली होती. मी हाक मारली, पण तो दिसेनासा झाला.

सौ. खिडकीशी बसली आहे. बाहेर पाहत नाही. मी म्हटले, "तेथे पोचल्यावर त्याच्या उशाशी बसूनच आजचा भाग वाचीन. त्याला आवडेल." तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा काढून घेतला.

तोच दिवस. दुपार, विमानतळावर.

सामानाच्या पट्ट्यापाशी बसून हे लिहितो आहे. पट्टा केव्हाचा थांबला. आमच्या विमानातील सर्वांची सामाने आली. एकामागून एक येतात, फिरतात, आपला धनी ओळखून थांबतात. माझी आली नाही.

चौकशीच्या खिडकीवर एक लिपिक आहेत. त्यांनी चिठ्ठीचा तुकडा पाहिला, यंत्रात पाहिले, फोन केला. शेवटच्या क्षणी खाली दिलेल्या काही बॅगा वजनामुळे मागे राहिल्या म्हणे. पुढच्या विमानाने येतील. "पत्ता लिहून द्या, उद्या सकाळपर्यंत घरपोच करू."

"उद्या चालणार नाही. आज सूर्यास्तापूर्वी हवी."

"औषधं आहेत का त्यात?"

क्षणभर 'हो' म्हणावेसे वाटले. "ग्रंथ आहे," मी म्हटले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. पुढचे विमान दुपार कलल्यावर उतरते, थांबायचे तर थांबा, एवढे त्यांनी सांगितले.

सूनबाईचा भाऊ, दारातून आत सोडत नाहीत म्हणून, काचेपलीकडे उभा होता. मोठा बोलका गडी. विहिणीच्या चेष्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आज मात्र त्याने नमस्कारसुद्धा धड केला नाही. मी दाराशी जाऊन त्याला सगळे सांगितले.

"काका, बॅग मी रात्री येऊन घेऊन जातो ना. उद्या नेतो. गेली तर नवी घेऊन देतो. चला आधी."

"पोथी नवी मिळत नाही, बाबा."

"चला हो काका." त्याने माझा दंड धरला. थोरल्याचा दंड असा धरतात का? मी सोडवून घेतला.

मी सौ.ला म्हटले, "तू हो पुढे. पोथी हाती आली की मी आलोच. तीन दिवस सांभाळलेला नेम आज दारात येऊन मोडला, तर त्याचे फळ कोणाला भोगावे लागेल? मला नव्हे. त्याला."

ती म्हणाली, "अहो, त्याला—"

मी हात वर केला.

ती माझ्या त्या वर केलेल्या हाताकडे पाहत राहिली. मग हळू म्हणाली, "इतक्या वर्षांत मी तुमच्याशी भांडले नाही. आज भांडते. चला."

मला तिची दया आली. आईला धीर धरवत नाही. पण दोघांपैकी एकाने तरी धीर धरायला हवा. भावनेने ती धावेल, नेमाने मी राखीन, संसार असाच तर चालत आला. हे मी तिला सांगितले. ती वळली आणि त्याच्यामागून चालू लागली. गाडीपर्यंत तिने एकदाही मागे पाहिले नाही. पाय दुखतात म्हणणारी बाई, पण धावल्यासारखी चालत होती.

तोच दिवस. सूर्यास्त.

बॅग आली! पट्ट्यावर एकटीच, उताणी. मी भर लोकांत तिला हात जोडले. चेन शाबूत, वस्त्र कोरडे, एक पान हललेले नाही. सीटखाली ठेवली नाही, याचे सार्थक झाले.

सूर्य काचेच्या भिंतीत पार खाली आला होता. चिरंजीवापाशी पोचेपर्यंत तो बुडाला असता. म्हणून प्रसाधनगृहात हातपाय धुतले, एका कडेचा बाक पाहिला, शाल अंथरली, पोथी सोडली आणि आजचा भाग तेथेच वाचला. मोठ्याने. एक-दोघे थांबले, एका बाईने हात जोडले. घाई केली नाही. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवले. शेवटचे पान उलटले तेव्हा किनार अजून तांबडी होती.

सूत्र तुटले नाही. मन पिसासारखे हलके झाले आहे. सूनबाईचा भाऊ मला न्यायला परत आला आहे. काचेपलीकडे उभा आहे. खिडकीवरील लिपिकांनी फोन करून सांगितले असेल, सज्जन माणूस. हात हलवतो तर तो हात हलवत नाही. दिसत नसेन.

पौर्णिमा, बुधवार

मुलगा गेला. त्या गुरुवारीच, सूर्य मावळता मावळता. मी पोचण्यापूर्वी.

गाडीत मी विचारले होते, "कसा आहे?" सूनबाईचा भाऊ म्हणाला, "आता त्रास नाही त्याला, काका." मी मनोमन आभार मानले. रस्ताभर त्याला पारायणाचे महत्त्व सांगत होतो. सिग्नलला गाडी थांबली की तो सुकाणूवर कपाळ टेकायचा. मला वाटले, दमला असेल.

रुग्णालयाच्या लांबलचक वाटेत सौ. उभी होती. तिने पुढे येऊन माझ्या हातातली बॅग घेतली. मी दिली. मग ती म्हणाली, "झोपेत गेला. त्याला काही कळलं नाही. दुपारपासून झोपेतच होता. तुम्ही असतात तरी काही कळलं नसतं त्याला."

मी विचारले, "काही बोलला?"

"झोपेतच होता हो."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. ते अजून पुरते गार झाले नव्हते. याहून अधिक लिहवत नाही.

वद्य पंचमी, सोमवार

शोकाच्या दिवसांत पोथी उघडायची नसते. एखाद्या नेमाबद्दल मनातून सुटका वाटावी, असे आयुष्यात प्रथमच झाले.

बॅग मधल्या वाटेत भिंतीशी उभी आहे. मुठीला ती चिठ्ठी अजून तशीच. स्वयंपाकघरात जाता-येता प्रत्येकाला तिला वळसा घालावा लागतो. सगळे घालतात, हलवत कोणी नाही. मीही नाही.

सूनबाईने माझी आबाळ होऊ दिली नाही. वेळेवर औषध, वेळेवर ताट. आज दुपारी गोळी आणि पाणी पुढे ठेवून ती तेथेच उभी राहिली.

"अण्णा, मी त्या दिवशी फोनवर सांगत होते."

"हो."

"तुम्ही ऐकलं नाहीत."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "गोळी घ्या," आणि मी ती गिळेपर्यंत पेला हातात धरून उभी राहिली. मला वाटते, रागावली असती तर सोपे गेले असते. तिला आणि मलाही.

सायंकाळी कोणी बाई भेटीस आल्या. बाहेरच्या खोलीतून सूनबाईचा आवाज येत होता. "त्या दुपारी लिंबाचं पाणी मागितलं त्यानं. दोन चमचे घेतलं, म्हणाला साखर जास्त झालीय." इतक्यात सौ.ने तिला आतून हाक मारली, काहीतरी सापडत नाही म्हणून, आणि बोलणे तुटले. औषधाच्या गुंगीत माणूस असे तुटक बोलतो, हे मी ऐकून आहे. त्याला बोलणे म्हणत नाहीत.

ग्रंथात फळ सांगितले आहे, ते मला मिळाले नाही. दोष ग्रंथाचा नव्हे, इतके मी जाणतो. मी भाग चुकवला नाही, वेळ चुकवली नाही, अक्षर चुकवले नाही. कोणी म्हणेल, आयुष्य तेवढेच होते. तेही खरे असेल. पण मग त्या दुपारी मी बाकावर बसून राखीत होतो, ते काय राखीत होतो? विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला उत्तर दिले असते. उत्तर पाठही आहे.

तीन दिवसांचा भाग उरला आहे. तो कोणासाठी वाचायचा, हे कोणत्याही टीकेत लिहिलेले नाही.

एवढाच एक दिलासा, की तो झोपेत होता. त्याने कोणाची वाट पाहिली नाही.

वद्य अष्टमी, गुरुवार

रुग्णालयातून निरोप आला की त्याचा चष्मा तेथे राहिला आहे. सूनबाई उठू लागली. मी म्हटले, मी जातो. सौ. लगेच म्हणाली, "तुम्ही नका जाऊ, दादा आणेल." मी कोट चढवला होता. सूनबाईचा भाऊ मला घेऊन गेला आणि गाडी लावायला जागा शोधीत राहिला, म्हणून वर मी एकटाच पोचलो.

त्या मजल्यावरच्या नर्सबाई वयस्क आहेत. त्यांनी कपाटातून चष्मा काढून दिला आणि माझ्याकडे निरखून पाहिले.

"तुम्ही अण्णा का?"

मी हो म्हटले.

"वाटलंच. नाक तेच आहे." त्यांनी मला खुर्ची दिली. "फार आठवण काढली हो तुमची. सकाळपासून मला सांगत होते, आमचे अण्णा येतायत आज, त्यांच्यासमोर खोली आवरलेली हवी. मी म्हटलं, अहो हे रुग्णालय आहे, तुमचं घर नाही. तर म्हणाले, त्यांना ते चालणार नाही." त्या हसल्या. "मग आई आल्या. त्यांना पहिला प्रश्न हाच, अण्णा कुठायत? आई म्हणाल्या, बॅग यायचीय, येतायत मागून. तर हसायला लागले. म्हणाले, पोथी असणार. मग थांबणारच."

मी विचारले, "हे कधी?"

"दुपारी. नंतर मला पलंगाचं डोकं वर करायला लावलं, दार दिसावं म्हणून. मी म्हटलं, पडून राहा, आले की उठवते. नको म्हणाले. पडलेलं पाहिलं की अण्णा घाबरतात, बाहेरून दाखवत नाहीत इतकंच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगदी शेवटपर्यंत शुद्धीवर होते बघा. भाग्य लागतं त्याला. फार थोड्यांना मिळतं."

त्या मला सुख वाटावे म्हणून सांगत होत्या. मी त्यांचे आभार मानले. उठताना खुर्ची मागे सरकली, तिचा आवाज झाला, तो अजून कानात आहे.

खोलीचे दार उघडे होते. आत दुसरे कोणी निजले होते. पलंगाचे डोके आता खाली केलेले होते.

घरी आलो तेव्हा सौ. दारातच उभी होती. चष्म्याकडे तिने पाहिले नाही, माझ्या तोंडाकडे पाहिले.

"कोण भेटलं तिथं?"

"नर्सबाई."

"काय म्हणाल्या?"

तिच्या पदराचे टोक तिने बोटाला गुंडाळले होते, इतके घट्ट की बोटाचे अग्र पांढरे पडले होते. एवढे दिवस हे सगळे तिने एकटीने उचलले होते. मला कशाचाही भार होऊ नये म्हणून.

मी म्हटले, "फार काही नाही. झोपेतच गेला म्हणाल्या. कळलं नाही त्याला काही."

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"मी सांगितलंच होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

तिने बोटाचा पदर सोडवला, माझ्या हातातून चष्मा घेतला, दोन्ही काचा पुसल्या आणि त्याच्या काड्या मिटल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हात धुवून या. ताट वाढते." मी हात धुतले आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो.